विल्गाची शेवटची मेंढी

मी ग्रेव्ही बोलतेय. हसायचं तर हसून घ्या. नाव ऐकून सगळेच हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघून जरा ओशाळतात. मी मेंढी आहे, आणि मेंढीचं नि ग्रेव्हीचं नातं कुठं जुळतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हे नाव एर्न पास्कोनं ठेवलं. ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरिनाच्या सपाट मुलखात विल्गा नावाचं त्याचं रान होतं, आजोबांपासूनचं, आणि त्या रानात त्याचा एक कायदा चालायचा. आई मेलेलं कोकरू कुणाला घरात आणून बाटलीवर वाढवायचं असेल तर खुशाल वाढवा, पण नाव ठेवायचं ते ताटातलं. म्हणजे पुढं कत्तलखान्याच्या लॉरीत चढवताना हात थरथरत नाही. माझ्या आधी तिथं एक चॉप होता, मटणावरच्या चटणीतली एक पुदिना होती, आणि रविवारच्या जेवणावरून नाव पडलेला रविवार नावाचा एक गुबगुबीत मेंढा होता. तिघंही नावाला जागले.

मी हिवाळ्यातली. जन्मले तेव्हा गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. आई माझ्या शेजारी आडवी झाली ती उठलीच नाही. कावळे जमले होते. त्यांनी मलाही सोडलं नसतं, पण एर्नची लेक लोरेल गाडी थांबवून उतरली, मला उचलून कोटाच्या आत घातलं आणि थेट स्वयंपाकघरात चुलीजवळ आणून ठेवलं. तिथं एका बिअरच्या खोक्यात मी वाढले. बाटलीही बिअरचीच, फक्त तोंडाला रबरी निपल. नशीब, आत दूध होतं.

लोरेल तेव्हा पन्नाशीची. बापाचा जुना चौकड्याचा शर्ट, उन्हानं विटलेली टोपी आणि पाठीवर लांब वेणी. नवरा कधीचाच शहरात निघून गेलेला. भाऊ ग्रेग ब्रिस्बेनला, लग्नामातीला यायचा तेवढाच. लेक ब्री, तीही शिकून वागा शहरात नोकरीला लागली. रानात उरले ते हे दोघं, बाप आणि लेक, आणि दिवसभरात दोघांत मिळून बोलणं होई ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

म्हातारा माझ्याकडं बघायचाही नाही. निदान लोरेलसमोर नाही. पण सकाळी चहाचं आधण ठेवायला तो एकटाच उठायचा, आणि तेव्हा खोक्यात हात घालून माझ्या छातीखाली ऊब आहे का ते चाचपायचा. कायदा करणाऱ्यानंच कायदा मोडला, पण मी काय चुगली करणार? थोडी मोठी झाले तेव्हा माझ्या कानाला खाचही त्यानंच पाडली. आमच्या मुलखात ज्याच्या त्याच्या कळपाची कानावरची खाच ठरलेली असते. दुखलं, खोटं कशाला सांगू. त्यानंतर मी विल्गाची झाले.

मी लॉरीत कधी चढलेच नाही. दरवर्षी लॉरी यायची, दरवर्षी लोरेल काहीतरी काढायची. हिला लोकर बरी आहे. हिला कोकरू होईल. हिचा पाय दुखतोय. म्हातारा म्हणायचा, "तुझ्या ह्या मेंढीला प्रत्येक वेळी लॉरी दिसली की आजार होतो." आणि पुढची मेंढी हाकायचा.

मग म्हातारा विसरायला लागला. आधी चष्मा, मग गाडीची किल्ली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, माणसं विसरतातच. पण एक दिवस त्यानं गेट उघडं टाकलं. शहरातल्या माणसाला ह्यात काय एवढं असं वाटेल. रानातल्या माणसाला विचारा. गेट जसं सापडलं तसं ठेवायचं, हे इथं पोराला बोलता येण्याआधी शिकवतात. त्या दिवशी सगळी मेंढरं डांबरी रस्त्यावर गेली. लोरेलनं आणि कुत्र्यानं मिळून ती परत आणली, आणि ती बापाला एका शब्दानं बोलली नाही. तिथंच मी ओळखलं, आता काही खरं नाही.

पुढं दुष्काळ आला, म्हातारा पडून वृद्धाश्रमात गेला, आणि विल्गा विकावं लागलं. दुमजली लॉऱ्या आल्या आणि कळप गेला. लोरेलनं मला लोकर कातरायच्या शेडमागं बांधून ठेवलं होतं. सगळं शांत झाल्यावर तिनं मला जत्रेत जनावरं घेऊन फिरणाऱ्या ट्रिशच्या हवाली केलं. "हिला कापायला कुणाला देऊ नकोस. बाकी काहीही कर," एवढंच म्हणाली. मी मागं वळून ओरडले. ती गाडीत बसली होती, काच वर करून.

ट्रिशचा फिरता गोठा तुम्ही कुठंतरी पाहिला असेल. जत्रेत, शाळेत, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाला. लोखंडी जाळ्यांचं कुंपण टाकायचं, आत आम्ही, आणि बाहेरून पोरं येतात हात लावायला. आमच्यात एक गाढव आहे, दोन बकऱ्या आहेत, बदकं, गिनीपिगं, आणि लांब मानेचा, लोकरीचा एक अल्पाका, जो स्वतःला कुठला तरी राजा समजतो आणि न आवडलेल्या माणसावर थुंकतो. ट्रिश तोंडाची फाटकी पण हाताची मऊ. शिव्या देत देत दाणा घालते.

माणसं फार जवळून बघायला मिळाली मला ह्या धंद्यात. पोरं दाणा हातावर धरतात आणि मी तोंड नेलं की हात मागं घेतात, मग आई म्हणते, "काही करत नाही ती," आणि स्वतः दोन पावलं मागं सरकते. बाप फोटो काढतात. फोटोत सगळे हसतात आणि फोटो झाला की परत भांडायला लागतात. पोरांना माझी लोकर आवडते. आत बोटं घालतात, ती तुपकट होतात, मग "शी" म्हणून माझ्याच पाठीला पुसतात. मी काही बोलत नाही. मेंढरासारखं वागू नको, असं माणसं एकमेकांना म्हणतात ना? मेंढरासारखं सोसणं म्हणजे काय, ते त्यांनी एकदा उभं राहून बघावं.

आता मुद्द्याचं सांगते. त्यासाठीच तर तोंड उघडलं.

वसंताच्या सुरुवातीला लोरेलचा ट्रिशला फोन आला. ट्रिश पाण्याची टाकी भरत होती, म्हणून तिनं फोन कठड्यावर ठेवून आवाज मोठा केला होता. आवाज ऐकला आणि माझे कान ताठ झाले.

"बाबांच्या वृद्धाश्रमात कुटुंबांचा दिवस आहे," लोरेल सांगत होती. "सगळ्यांची पोरंबाळं येणार. तुझा गोठा घेऊन ये. पण ग्रेव्ही पाहिजे हं. ग्रेव्ही नसेल तर येऊ नकोस."

"आणते की. कसे आहेत म्हातारबाबा?"

"मला ओळखत नाहीत. हिवाळ्यापासून नाही. मी जाते, ते उठून उभे राहतात, पाहुणी आल्यासारखे. आता ग्रेग त्यांना ब्रिस्बेनला नेतोय. तिकडं चांगली जागा मिळालीय म्हणे, त्याच्या घराजवळ. पुढच्या आठवड्यात नेणार. त्याआधी एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय, ट्रिश. एकदाच. ग्रेव्हीला बघून सगळं आठवेल त्यांना. खोका, चूल, सगळं."

ट्रिश एरवी कुणाला गप्प बसू देत नाही. त्या दिवशी टाकी भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही.

आदल्या दिवशी तिनं मला आंघोळ घातली. नुसती नव्हे, लॅव्हेंडरच्या शाम्पूनं. माझ्या अंगाचा मेंढीचा वास गेला आणि मला फुलाच्या दुकानासारखा वास यायला लागला. बकऱ्या माझ्यापासून लांब बसल्या. ट्रिशचा हेतू चांगला होता. म्हाताऱ्या माणसांकडं जायचं तर स्वच्छ जावं.

वृद्धाश्रमाच्या अंगणात मिरीसारखे दाणे धरणारं एक जुनं झाड होतं. त्याच्या सावलीत आमचं कुंपण पडलं. एकीकडं सॉसेज भाजत होते, एकीकडं टेबलावर स्कोनचे छोटे गोल पाव आणि जॅम. नातवंडं धावत होती आणि आजीआजोबा खुर्च्यांवर ओळीनं बसले होते. एक आजी तर गिनीपिग मांडीवर घेऊन बसली ती शेवटपर्यंत सोडायला तयार नव्हती.

मग एक बाई कुंपणाशी आली. निळा झगा, कानात मोती, केस कापून बसवलेले, ओठ रंगवलेले, पायात टाचांच्या चपला. मी दाणा चघळत बसून राहिले. असल्या बाया रोज येतात.

"काय गं ग्रेव्हे. म्हातारी झालीस की."

आवाज कानावर पडला आणि मी बकरीला तुडवून कुंपणाकडं धावले. लोरेल होती ती. तिनं जाळीतून हात घालून माझं तोंड धरलं.

"बघ ब्री, हिनं ओळखलं. मग बाबाही ओळखतील."

तिच्या मागं तिची लेक ब्री उभी होती, आणि ब्रीचा हात धरून ब्रीची छोटी मुलगी हार्पर. ब्री म्हणाली, "आई, फार आस लावून बसू नकोस गं."

"मी कुठं लावलीय?" लोरेल म्हणाली, आणि केस नीट केले.

तुम्हाला सांगते, चूक इथंच झाली, आणि ती आमच्याच मुलखातली माणसं करतील अशी चूक होती. आमच्याकडं गावात जायचं म्हणजे नटून जायचं. रान विकलं गेल्यावर तर जास्तच. मळका शर्ट घालून चारचौघांत गेलं तर लोक म्हणणार, पास्कोंचे दिवस फिरले. बापाला शेवटचं भेटायचं म्हणून ही बाई केस कापून, रंगरंगोटी करून आली होती. बापाची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि त्या बापानं तिला उभ्या जन्मात झग्यात पाहिलं असेल ते फक्त तिच्या लग्नात.

म्हातारा आला. चालायला आधाराची चाकांची चौकट धरून, हळूहळू, बरोबर बिनिता नावाची नेपाळी नर्स. गळ्यात टाय बांधला होता त्याच्या. केवढासा झाला होता. पण हात तेच होते, मोठे, बोटं वाकलेली.

लोरेल पुढं झाली. "बाबा."

तो थांबला आणि अदबीनं मान हलवली. "नमस्कार बाई. काय, तुमच्याकडं पाऊस आहे का?"

अनोळखी माणसाशी तो पावसावरूनच सुरुवात करायचा. आयुष्यभर.

"थोडा झालाय," लोरेल म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही. "तुम्हाला कुणीतरी भेटायला आणलंय. या."

ट्रिशनं जाळी उघडली, आत एक खुर्ची टाकली. म्हातारा बसला. हार्पर त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "पणजोबा, ही मेंढी चावते का?"

"चावायला मेंढीला पुढं वरचे दात कुठं असतात?" म्हातारा म्हणाला. हार्परनं वाकून माझ्या तोंडात बघितलं आणि तिला ते पटलं.

मग त्यानं हात पुढं केला. पोरं करतात तसं वरवर कुरवाळलं नाही. दोन्ही हातांनी माझ्या खांद्यावरची लोकर फाकवली, पुस्तक उघडावं तशी, आणि आत बघितलं. लोकरवाल्याची सवय, मेंढी दिसली की हात आपोआप तिथं जातात. नाक जवळ नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हिला अत्तर कुणी लावलं?"

"मीच," ट्रिश म्हणाली. "म्हटलं, चारचौघांत न्यायचीय."

"मेंढी आहे ती. नवरी आहे होय?"

सगळे हसले. लोरेल नाही हसली. ती त्याच्या हातांकडं बघत होती. हात माझ्या मानेवरून वर आले, डोक्यावर, मग कानावर. बोट खाचेवर आलं आणि थांबलं. ते बोट पुढं मागं, पुढं मागं फिरलं.

"ही माझी आहे," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "ग्रेव्ही."

मी त्याच्या पोटात डोकं खुपसलं. टायबिय चुरगळला, मला पर्वा नव्हती. विल्गा गेलं, कळप गेला, मी एकटी उरले होते, आणि माझं नाव ठेवणाऱ्यानं मला नावानं हाक मारली होती.

ब्रीनं आईचा हात धरला. लोरेल त्याच्यासमोर गवतावर उकिडवी बसली. "बाबा, हिला वाढवलं कुणी? आठवतं?"

"आठवतं म्हणजे? माझ्या पोरीनं. लोरेलनं. तिथं चुलीजवळ, बिअरच्या खोक्यात."

आलं. नाव आलं. लोरेलनं तोंडावर हात दाबला. मग हात काढून ती म्हणाली, "बाबा, मीच लोरेल."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. खरंच पाहिलं, नीट, केसांपासून चपलांपर्यंत.

"नाही हो," तो म्हणाला. दुसऱ्याला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला. "लोरेल तिकडं रानात आहे. तिला कुठला वेळ असल्या जत्रेला. आणि ती तुमच्यासारखी नटत नाही, बाई."

लोरेलनं हाताच्या पाठीनं ओठ पुसले. जोरजोरात. रंग गालावर पसरला. कानातले मोती ओढून काढले. "आता बघा. बाबा, आता बघा ना माझ्याकडं."

ते करायला नको होतं. म्हातारा खुर्चीत मागं सरकला. त्याचे हात माझ्या लोकरीत घट्ट रुतले. "हिला बाजूला घ्या. कोण आहे ही? हिला माझ्या पोरीचं नाव कुणी सांगितलं?"

बिनिता धावली. "एर्नबाबा, काही नाही, काही नाही. चला, आपण चहा घेऊ."

हार्पर मोठ्यानं म्हणाली, "आजी, मेंढीला ओळखलं मग तुला का नाही ओळखलं?"

"हार्पर, गप बस," ब्री म्हणाली, आणि तिलाच रडू आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोण? एक मेंढी. दाणा खाल्ला, लोकर दिली, याच्यापलीकडं मी त्याच्यासाठी काय केलं? त्याच्यासाठी राबली ती. त्याची उघडी राहिलेली गेटं लावत फिरली ती. आणि ओळख मिळाली मला. देता आली असती तर मी ती तिथल्या तिथं तिला देऊन टाकली असती, आणि मला परक्यासारखं हाकललं असतं तरी चाललं असतं. पण ओळख काही दाणा नव्हे, उष्टी करून दुसऱ्यापुढं सरकवायला.

बिनिता त्याला उठवून न्यायला लागली. मी त्याच्या मागं निघाले. मला काय सुचत होतं, पायच निघाले. जाळीशी पोहोचले आणि तो थांबला, मागं वळून माझ्या पायांकडं बघायला लागला.

"ही लंगडतेय."

खरं होतं. मऊ हिरवळीवर उभं राहून राहून आमची खुरं वाढतात. रानात दगडावर घासून झिजतात, इथं कशानं झिजणार? माझं पुढचं डावं खूर वाढून आत वळलं होतं.

"कात्री आणा," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. विल्गातला आवाज होता तो.

"अहो, कात्री नको," बिनिता घाबरली. "हात थरथरतात तुमचे. लागेल कुणाला."

ट्रिशनं लोरेलकडं पाहिलं. लोरेल अजून गवतावरच होती. ती उठली, चेहरा बाहीला पुसला. "आहे का गं खुराची कात्री?"

"गाडीत आहे."

"आण." मग ती बिनिताला म्हणाली, "बिनिता, करू दे त्यांना. मेंढी मी धरते. खुरं छाटताना ह्यांनी कधी थेंबभर रक्त काढलेलं नाही. जबाबदारी माझी."

बिनिता कुंपणाच्या पलीकडं बघत उभी राहिली, म्हणजे तिला काही दिसलं नाही असं.

लोरेलनं टाचांच्या चपला काढून फेकल्या. माझ्या हनुवटीखाली हात घातला, मान वळवली, दुसऱ्या हातानं मांडी उचलली आणि एका दमात मला ढुंगणावर बसवलं. पाठ तिच्या गुडघ्यांना टेकली. कुंपणाबाहेर कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. त्यांना काय माहीत, अशी बसवली की मेंढी निवांत होते. निळ्या झग्याला चिखल लागला, लेंडी लागली, माझी तुपकट लोकर लागली. मी हातपाय ढिले सोडले.

म्हातारा खुर्ची ओढून समोर बसला. म्हाताऱ्याची कंबर गेल्यापासून विल्गात दोघांचं असंच चालायचं, तिनं धरायचं, त्यानं छाटायचं. शेकडो मेंढ्यांची खुरं दोघांनी मिळून छाटली, न बोलता. आताही तसंच. त्यानं बोटानं खूर दाबलं, तिनं पाय पुढं केला. त्यानं कात्री तिरपी धरली, तिनं मला अंगठ्याएवढं वळवलं. हात थरथरत होते, पण कात्री खुरावर टेकली की थांबायचे. पांढरे तुकडे गवतावर पडत गेले. एक पाय झाला, त्यानं नुसती मान हलवली, तिनं दुसरा दिला. लोरेलचा श्वास माझ्या कानाजवळ लागत होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यात इतका वेळ जी भीती होती ती गेली.

चौथा पाय झाला. त्यानं कात्री पुसली, बंद केली, आणि लोरेलच्या हातांकडं बघितलं. तोंडाकडं नाही, हातांकडं.

"चांगलं धरता तुम्ही, बाई. कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी."

"भला माणूस असणार. काम शोधताय का?"

लोरेलनं मला आणखी गुडघ्यांशी ओढून घेतलं.

"विचारतो अशासाठी, की माझी पोरगी तिकडं एकटी राबते. पोरगा शहरात गेला, ती राहिली. मला ही माणसं सोडत नाहीत इथून. तिला एक चांगला हात पाहिजे." त्यानं आवाज खाली आणला, ट्रिशनं ऐकू नये म्हणून. "तिच्यासारखं माणूस नाही हो ह्या मुलखात. मी तिला कधी तोंडावर बोललो नाही. आमच्यात नसतं तसं. पण तुम्ही जाल तर सांगा तिला. एर्ननं पाठवलं म्हणा."

मागं ब्री हार्परला उचलून तिच्या केसांत तोंड लपवून उभी होती.

"मी लोरेल," हे शब्द तिच्या ओठांवर आले असतील. ते आले नाहीत असं कसं म्हणू? पण तिनं ते गिळले. माझ्या अंगाभोवतीचे तिचे हात घट्ट झाले आणि ती म्हणाली, "येते मी कामाला. कधीपासून येऊ?"

"सोमवारी. उजाडता उजाडता या. लोरेलला उशीर खपत नाही."

"नाही करणार उशीर."

"आणि तिला म्हणावं, जरा बसत जा मधूनमधून. माझं ऐकत नाही ती."

"सांगते."

म्हाताऱ्यानं तळहात पँटला पुसला आणि पुढं केला. नव्या गड्याला कामावर ठेवल्यावर करतात तसा. लोरेलनं मला सोडलं, आपलाही हात झग्याला पुसला, आणि बापलेकीनं हात मिळवले. इतकी वर्षं मी त्या घरात काढली, त्या दोघांना एकमेकांचा हात हातात घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यानं तिचा हात दोनदा हलवला, "ठरलं तर मग" म्हणाला, आणि बिनिताबरोबर चहाला निघून गेला. मागं बघायचं त्याला काही कारण नव्हतं. त्याचं काम झालं होतं.

लोरेल गवतावर बसून राहिली. ब्री येऊन तिच्या शेजारी बसली.

"नाव तरी घेतलं गं त्यांनी," ब्री म्हणाली.

"घेतलं ना," लोरेल म्हणाली. मग म्हणाली, "सोमवारी मी कुठं जाऊ, ब्री? विल्गात तर आता दुसरी माणसं राहतात."

ब्रीनं तिच्या फेकलेल्या चपला आणून तिच्यापुढं ठेवल्या. मी लोरेलच्या मांडीवर तोंड ठेवून उभी राहिले. मेंढीला तेवढंच करता येतं.

म्हाताऱ्याला ब्रिस्बेनला नेलं. ट्रिश फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी अजून गावोगाव फिरते. आता नीट चालते, चारही पाय सरळ पडतात, पण माझं वय झालंय, दाणा चावत नाही पूर्वीसारखा. पोरं येतात, लोकरीत बोटं घालतात. जाळीबाहेर एखादा म्हातारा चौकट धरून उभा दिसला, की मी उठते. तो नसतो. पण त्याच्याजवळ कुणीतरी उभं असतं, लेक असते, मुलगा असतो, "अहो मी, बाबा, मी" म्हणत असतं, आणि म्हातारा मागं सरकत असतो.

त्यांना माझं एकच मागणं आहे. वाद घालू नका. तुमच्या माणसानं तुम्हाला परकं म्हणून कामावर ठेवलं, तर हो म्हणा. कधीपासून येऊ ते विचारा. हात पुढं केला तर हातात घ्या, आणि तो सोडेपर्यंत तुम्ही सोडू नका.